सैबेरियातून येऊन मुंबईच्या बागेत हिवाळा काढणारा 8 ग्रॅमचा पक्षी ओळखायचा कसा?

दिवाळी उलटली की एखाद्या सकाळी बागेत फेरी मारताना कानातले इयरफोन काढून बघा. कावळे असतील, पोपटांची ओरड असेल, लाफ्टर क्लबवाले असतील. या सगळ्या गोंगाटातून दर थोड्या वेळाने एक बारीक, धारदार, दोन अक्षरी आवाज येत राहतो. ‘चिस्-ली’. मग शांतता. पुन्हा ‘चिस्-ली’. वर बघितलं तर काहीच दिसत नाही. दोन पानं हलतात, वारा असेल म्हणून आपण पुढे जातो.

तो वारा नसतो. ती पानं हलवणारा पक्षी दोन-तीन महिन्यांपूर्वी कदाचित रशियातल्या एखाद्या जंगलात होता. त्याचं वजन साधारण 8 ग्रॅम, म्हणजे खिशातल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढं. इंग्रजीत त्याला ग्रीनिश वॉर्बलर म्हणतात, मराठीत हिरवट वटवट्या. तो दरवर्षी येतो, सहा महिने राहतो आणि जातो. फ्लेमिंगो आले की त्यांचे ड्रोन व्हिडिओ आपल्या फीडवर येतात. याचा मात्र पत्ताच लागत नाही, कारण हा पक्षी डोळ्यांनी नाही तर कानांनी सापडतो.

वटवट्या म्हणजे नेमका कोण?

वॉर्बलर या शब्दाला मराठीत वटवट्या हे नाव रुळलेलं आहे. सतत काहीतरी बडबडत असतो म्हणून वटवट्या. पण या एका नावाखाली आपण बऱ्याच पक्ष्यांची मोट बांधली आहे. राखी वटवट्या बाराही महिने इथेच असतो आणि झुडपात शेपटी वर करून खरोखरच वटवट करतो. पानं शिवून घरटं करणारा शिंपीही त्याच्या जवळचा. थंडीत येणारे पाहुणे वेगळे. झाडांच्या पानांमधून फिरणारे पर्ण वटवट्ये, पाणथळ जागी आणि झुडपांत राहणारे बोरू वटवट्ये, काटेरी माळावर येणारे आणखी काही. गंमत म्हणजे यातले बरेच जण नावाला वटवट्ये असले तरी अख्खा हिवाळा एकच शब्द बोलून काढतात.

इथे एक घोळ आधीच मिटवून टाकू. मे महिन्यात इन्स्टाग्रामवर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधले रील दिसतात. पिवळेधमक, नारिंगी गळ्याचे, निळे-काळे इवलेसे पक्षी आणि त्यांच्याखाली दुर्बिणी लावून उभी असलेली गर्दी. कॅप्शनमध्ये वॉर्बलरच लिहिलेलं असतं. ते पक्षी वेगळ्याच कुळातले आहेत. युरोपीय लोक अमेरिकेत गेले तेव्हा तिथल्या छोट्या किडेखाऊ पक्ष्यांना त्यांनी आपल्या गावाकडचं नाव देऊन टाकलं. आपल्याकडे येणारे खरे जुन्या जगातले वॉर्बलर, आणि खरं सांगायचं तर त्यांचा रंग म्हणजे चहात बुडवून काढलेलं हिरवं बिस्किट. त्यामुळे आपल्या बागेत सेंट्रल पार्कसारखे रंग शोधायला गेलात तर निराश व्हाल.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. हजारो किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या छोट्या पक्ष्याला वाटेवर सगळीकडे काँक्रीट दिसत असताना मध्येच एक हिरवा तुकडा दिसतो आणि तो तिथे उतरतो.

येतात कुठून?

हिरवट वटवट्याचा विणीचा प्रदेश प्रचंड मोठा आहे. बाल्टिक समुद्राच्या आसपासच्या देशांपासून रशियाच्या जंगलांपर्यंत आणि खाली मध्य आशियातून हिमालयापर्यंत. फिनलंडहून मुंबई सरळ रेषेत मोजली तरी 5,500 किलोमीटरपेक्षा जास्त भरते, आणि हे पक्षी सरळ रेषेत येत नाहीत. मध्ये तिबेटचं पठार आहे. तिथे झाडं नाहीत, अन्न नाही, थंडी जीवघेणी. त्यामुळे पश्चिमेकडच्या जंगलांतले पक्षी पठाराला पश्चिमेकडून वळसा घालून भारतात उतरतात. पूर्व सैबेरियातले त्यांचे भाऊबंद पूर्वेकडून वळसा घालतात आणि आग्नेय आशियात जातात.

प्रवास बहुतेक रात्री. दिवसा उतरायचं, किडे खायचे, अंगात चरबी साठवायची, अंधार पडला की उडायचं. दिशा कळण्यासाठी तारे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, दोन्हींचा उपयोग हे छोटे गाणारे पक्षी करतात हे प्रयोगांतून दिसलं आहे.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग जरा वेगळा आहे. युरोपातले बहुतेक वटवट्ये हिवाळ्यात आफ्रिकेत जातात. हिरवट वटवट्या आणि ब्लाइथचा बोरू वटवट्या हे दोघं मूळचे पूर्वेकडचे. गेल्या शतकात ते विणीसाठी पसरत पसरत पश्चिमेला फिनलंडपर्यंत पोहोचले. तिथून आफ्रिकेला जायची वाट शेजाऱ्यांनी घालून दिलेलीच होती. पण यांनी हिवाळ्याचा जुना पत्ता सोडला नाही. फिनलंडमध्ये जन्मलेलं पिल्लू, आई-बाप सोबत नसताना, पहिल्याच वर्षी आग्नेयेकडे तोंड करून निघतं आणि भारतात येतं.

ब्लाइथच्या बोरू वटवट्याची तर जवळजवळ सगळी जातच भारतीय उपखंडात आणि श्रीलंकेत हिवाळा काढते. म्हणजे युरोपात आणि रशियात त्याची कितीही काळजी घेतली तरी त्याचं अर्धं आयुष्य आपल्या झुडपांवर अवलंबून आहे.

कचऱ्याच्या ढिगावरची बाग

शहरातल्या बागेत वटवट्ये बघायचे तर कुठे जायचं? पुण्यात वेताळ टेकडी, एम्प्रेस गार्डन, विद्यापीठाचा परिसर. मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, राणीची बाग. यादी लांबवता येईल, पण एका जागेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं.

धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. बसने सायनहून वांद्र्याकडे जाताना उजवीकडे एकदम दाट झाडी दिसते, ती हीच. साधारण 37 एकर. समोर धारावी, नदीपलीकडे बीकेसीच्या काचेच्या इमारती. 1970 च्या दशकात इथे शहराचा कचरा टाकला जायचा. नंतर ती कचराभूमी बंद झाली, तिथे जंगल उभं करायची कल्पना पुढे आली आणि 1983 मध्ये झाडं लावायला सुरुवात झाली ती डॉ. सलीम अली यांच्या हस्ते. 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं.

म्हणजे आज तिथे जो वटवट्या करंजाच्या शेंड्यावर ‘चिस्-ली’ करतो, त्याच्या पायाखाली मुंबईचा पन्नास वर्षांपूर्वीचा कचरा आहे. त्याला त्याचं काही नाही. त्याला पानं हवीत, पानांवर अळ्या आणि बारीक किडे हवेत. ते मिळाले की झालं. इथली झाडी उद्यान खात्याच्या नेहमीच्या पद्धतीने कापून-कोरून ठेवलेली नाही. खाली पालापाचोळा आहे, मध्ये झुडपं आहेत, वर एकमेकांत गुंतलेले शेंडे आहेत. पुढे आपण बघणार आहोत की वेगवेगळ्या वटवट्यांनी हे मजले आपापसात वाटून घेतलेले असतात.

आवाज हाच आधार

पर्ण वटवट्ये ओळखणं हे भल्याभल्या पक्षीनिरीक्षकांना रडवणारं काम आहे. सगळे हिरवट, सगळ्यांची भुवई फिकट, सगळे एका जागी दोन सेकंद न थांबणारे. 18 व्या शतकात इंग्लंडमधल्या सेलबर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने लक्षात आणून दिलं की लोक ज्याला एकच पक्षी समजतात ते प्रत्यक्षात तीन आहेत, कारण त्यांचं गाणं वेगळं आहे. आजच्यासारख्या पक्षीनिरीक्षणाच्या दुर्बिणी नव्हत्या तेव्हा. त्याने नुसतं नीट ऐकलं. आजही या कुळातल्या नव्या जाती वेगळ्या काढताना आवाज हा मोठा पुरावा असतो.

आपल्या बागेपुरतं बोलायचं तर तीन-चार आवाज कानात बसवले की निम्मं काम झालं.

पहिला अर्थातच ‘चिस्-ली’. पहिल्या अक्षरावर जोर, दुसरं जरा घसरतं. पाणवठ्यावर शेपटी हलवत चालणाऱ्या पांढऱ्या धोबी पक्ष्याचा आवाज बराचसा असाच असतो, त्यामुळे पहिल्यांदा गोंधळ होतो. पण धोबी जमिनीवर असतो किंवा डोक्यावरून हेलकावे घेत उडत जातो. आवाज झाडाच्या शेंड्यातून, एकाच जागेवरून, पुन्हा पुन्हा येत असेल तर तो हिरवट वटवट्याच. दिसलाच तर वरून करडट हिरवा, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर लांब फिकट भुवई आणि पंखावर एक बारीक पांढरी रेघ. ही रेघ पिसं झिजली की पुसट होते, त्यामुळे ती दिसली नाही म्हणून हिरमुसू नका.

दुसरा ह्यूमचा पर्ण वटवट्या. हा आणखी छोटा, पंखावर एकाऐवजी दोन रेघा, आणि आवाज शेवटी वर उचललेला, कुणी काहीतरी विचारतंय असा. हा हिमालयातून आणि मध्य आशियातून येतो. ज्यांच्या नावावरून हे नाव पडलं ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम म्हणजे तेच, 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ते एका ओळीत संपतात, पण पक्ष्यांच्या जगात त्यांनी केलेलं काम अवाढव्य आहे.

तिसऱ्यासाठी मान खाली करावी लागते. करवंदाच्या जाळीतून, घाणेरीच्या झुडपातून, कुंपणाच्या मेंदीतून ‘चक्… चक्…’ असा जीभ टाळूला लावून काढल्यासारखा आवाज येतो. हा ब्लाइथचा बोरू वटवट्या. मातकट तपकिरी, पंखावर रेघ नाही, नक्षी नाही, काही नाही. झुडपात आत आत सरकत राहतो. हा पर्ण वटवट्याच्या खालच्या मजल्यावरचा भाडेकरू.

बाभळी-बोरीचा माळ असेल तर आणखी दोघं भेटू शकतात. एक लेसर व्हाइटथ्रोट, राखाडी डोकं आणि स्वच्छ पांढरा गळा असलेला. दुसरा साइक्सचा वटवट्या, आणि याचं नातं थेट आपल्याशी आहे. कर्नल विल्यम साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर होता. ते करता करता त्याने इथले पक्षीही नोंदवले आणि 1832 मध्ये ‘दख्खनच्या पक्ष्यांची यादी’ प्रसिद्ध केली. त्यात या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. साइक्सने त्याला नाव दिलं रामा. म्हणजे मध्य आशियात आणि इराणमध्ये वीण करणाऱ्या या पक्ष्याची जगाला ओळख झाली ती आपल्या पठारावरून, त्याच्या सुट्टीच्या पत्त्यावरून.

पुण्याच्या टेकड्यांवर गेलात तर दगडांवरून आणि झाडाच्या बुंध्यावरून उंदरासारखा सरसर फिरणारा, पोटाकडे पिवळसर असा एक वटवट्या दिसेल. तो सल्फर-बेलीड वॉर्बलर. पर्ण वटवट्या असून त्याला पानांपेक्षा खडक जास्त आवडतात, याला काय म्हणणार!

चष्मेवाला, सुभग, शिंजीर, फुलटोच्या हे इथलेच छोटे पक्षी याच झाडांवर याच वेळी असतात. सुरुवातीला दहापैकी सात वेळा वटवट्या म्हणून जो दिसेल तो यांच्यापैकीच कुणीतरी असेल. चालतं.

एक झाड, एक मालक

आता मूळ प्रश्न. हा पक्षी गाणं म्हणत नाही, जोडीदार शोधत नाही, पिल्लं नाहीत. मग दिवसभर ‘चिस्-ली’ कशासाठी?

याचं उत्तर भारतातच मिळालं. ट्रेव्हर प्राइस या शास्त्रज्ञाने हिवाळ्यातल्या हिरवट वटवट्यांचा इथे अभ्यास केला, तो 1981 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की हा पक्षी हिवाळ्यातही हद्द धरून राहतो. जोडीने नाही, थव्याने नाही, एकेकटा. काही झाडांचा तुकडा त्याचा, आणि तिथे दुसऱ्या हिरवट वटवट्याला प्रवेश नाही. नर असो की मादी, प्रत्येकाची हद्द स्वतंत्र. ‘चिस्-ली’ म्हणजे दारावरची पाटी. इथे मी राहतो, पुढे जा.

कारण साधं आहे, अन्न. पानांवरचे किडे मोजकेच असतात आणि इतक्या छोट्या अंगाला दिवसभर खात राहावं लागतं. थंडी संपेपर्यंत पोट भरेल एवढी पानं ताब्यात ठेवणं, हा सगळा खटाटोप त्यासाठी. म्हणून तुमच्या सोसायटीच्या चिंचेवर नोव्हेंबरात आवाज आला आणि फेब्रुवारीतही येत असेल, तर तो बहुधा तोच पक्षी असतो.

स्थलांतर करणारे छोटे पक्षी पुढच्या वर्षीही त्याच जागी परत येतात का? पायात कडी घालून अभ्यास केलेल्या अनेक जातींमध्ये असं घडलेलं दिसलं आहे. सलीम अली यांनीच त्यांच्या पुस्तकात एका करड्या धोब्याचं उदाहरण दिलं आहे, जो मुंबईतल्या भर वस्तीतल्या एका छोट्याशा हिरवळीवर सलग काही वर्षं परत येत राहिला. इतक्या दुरून येऊन नेमकी तीच हिरवळ! आपल्याला पार्किंगमध्ये गाडी सापडत नाही.

तिबेटभोवतीचं वर्तुळ

हिरवट वटवट्याचं नाव जीवशास्त्राच्या पुस्तकांत येतं ते मात्र वेगळ्याच कारणाने. नवी जात कशी तयार होते, हे दाखवणारं एक गाजलेलं उदाहरण म्हणून.

1938 मध्ये क्लॉड टाइसहर्स्ट या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने एक विचित्र गोष्ट मांडली. समजा हा पक्षी पूर्वी हिमालयाच्या दक्षिण उतारावर राहत होता. तिथून तो तिबेटच्या पठाराला वळसा घालत दोन बाजूंनी उत्तरेला पसरला. एक शाखा पश्चिमेकडून, दुसरी पूर्वेकडून. वाटेत प्रत्येक ठिकाणचा पक्षी शेजारच्यासारखाच, अगदी थोडा वेगळा. दर दहा कोसांवर भाषा बदलते तसं. पण दोन्ही शाखा मध्य सैबेरियात पुन्हा समोरासमोर आल्या तेव्हा फरक इतका साचला होता की ते एकमेकांना ओळखेनात. एकाच्या पंखावर एक रेघ, दुसऱ्याच्या दोन.

2001 मध्ये डॅरेन अर्विन, स्टाफन बेंश आणि वर उल्लेख आलेले ट्रेव्हर प्राइस यांनी ‘नेचर’मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. या वर्तुळाच्या दोन्ही बाजूंनी उत्तरेकडे जाताना गाणं लांब आणि गुंतागुंतीचं होत जातं, पण दोन बाजूंनी दोन वेगळ्या तऱ्हांनी. शेवटी सैबेरियात एकाला दुसऱ्याचं गाणं स्पीकरवर ऐकवलं तरी तो ढिम्म. त्याच्या लेखी तो आपल्या जातीतला पक्षीच नव्हता.

2014 मध्ये जनुकांचा आणखी खोलात अभ्यास झाला तेव्हा कळलं की चित्र इतकं सरळ नाही. मध्ये मध्ये हे वर्तुळ तुटलेलं होतं, काही गट बराच काळ एकमेकांपासून अलग पडले होते. वर्तुळाची कहाणी त्यामुळे थोडी फिकी झाली, पण संपली नाही. आपल्याकडे येतो तो यातल्या पश्चिम शाखेचा पक्षी. आणि आपल्या बागेत तो ती सगळी गुंतागुंत बाजूला ठेवून फक्त दोन अक्षरं बोलतो.

सुरुवात करायची तर

पक्षी ऑक्टोबरपासून ठरलेल्या जागी दिसू लागतात, एप्रिलपर्यंत असतात. सकाळी ऊन पानांवर आल्यावरचे दोन तास सगळ्यात चांगले, कारण किडे तेव्हा हलायला लागतात. बाग मोठी असेल तर भराभर फिरू नका. चिंच, करंज, शिरीष, वड असं एखादं मोठं झाड निवडा आणि त्याखाली पंधरा मिनिटं गप्प उभे राहा. ज्या फांदीवर वारा नसताना पान हललं, तिथे बघा.

दुर्बीण घेणार असाल तर 8 बाय 42 ची. यातला 8 म्हणजे आठपट मोठं दिसतं, 42 म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दहापटवाली घेण्याचा मोह होतो, पण ती हातात जास्त थरथरते आणि दिसणारा भाग लहान होतो. सतत उड्या मारणाऱ्या पक्ष्यासाठी आठपटच बरी. आणि हो, वर बघून मान दुखते. जगभरातले वॉर्बलरप्रेमी या मानदुखीबद्दल अभिमानाने बोलतात.

मोबाइलवर मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं. आवाज ऐकून ते पक्ष्याचं नाव सुचवतं. कामाचं आहे, पण त्याने दाखवलेलं नाव हा निकाल नाही, अंदाज आहे. रिक्षाच्या ब्रेकच्या आवाजालाही ते कधी कधी पक्षी समजतं. त्याच प्रयोगशाळेच्या ई-बर्डवर तुम्ही तुमची नोंद टाकू शकता. या नोंदी वाया जात नाहीत. 2023 चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल 942 जातींबद्दल बोलतो, आणि तो उभा आहे 30 हजारांहून जास्त हौशी निरीक्षकांनी केलेल्या 3 कोटी नोंदींवर. दर फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होते, सुरुवात करायला ती चांगली वेळ.

एक गोष्ट मात्र करू नका. फोटो मिळावा म्हणून मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवणं. वर सांगितलं तसं, हा पक्षी हद्द राखून असतो. त्याच्यासाठी तुमचा स्पीकर म्हणजे घरात घुसलेला परका. तो खाणं सोडून त्याला हाकलायला येतो, शोधत राहतो. तुम्हाला एक रील मिळतं, त्याची सकाळ जाते. रविवारी त्याच झाडाखाली असे पाच जण आले तर हिशोब तुम्हीच करा.

बाग ‘स्वच्छ’ झाली की

मोठी झाडं तोडायची तर परवानगी लागते. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांपेक्षा जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. पुरेसं पाळलं जातं की नाही हा वेगळा वाद, पण निदान कागदावर काहीतरी आहे. झुडपांचं आणि पाल्याचं काय? त्यांना कुणी वाली नाही.

बागेचं सुशोभीकरण निघालं की पहिला बळी यांचाच जातो. जाळी काढायची, खालचं सगळं तासून लॉन लावायचं, कडेने एकसारखी शोभेची झाडं, पाचोळा पोत्यात भरून बाहेर किंवा कोपऱ्यात जाळायचा, वर कीटकनाशकाची फवारणी. फोटोत बाग छान दिसते. कागदावर एकही झाड तुटलेलं नसतं. पण ‘चक्… चक्…’ करणाऱ्या बोरू वटवट्याचा अख्खा मजला गेलेला असतो, आणि वरच्याला खायला किडे उरत नाहीत. लोकांना साप-विंचवांची भीती वाटते, अंधाऱ्या कोपऱ्यांची काळजी वाटते, ती खोटी नाही. चालायच्या वाटा मोकळ्या असायलाच हव्यात. पण सगळी बाग मोकळी करायची गरज नसते. एखादा कोपरा, कुंपणाकडेचा एखादा पट्टा तसाच सोडता येतो. निसर्ग उद्यानात नेमकं तेच झालं आहे.

रात्रीच्या दिव्यांचाही प्रश्न आहे. रात्री उडणारे पक्षी प्रखर उजेडाकडे ओढले जातात. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबरच्या स्मृतीसाठी आकाशात जे दोन झोत सोडतात, त्यांचा 7 वर्षांच्या रात्रींचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 11 लाख पक्ष्यांवर त्या झोतांचा परिणाम झाल्याचा अंदाज त्यात आहे. दिवे थोडा वेळ बंद केले की घिरट्या घालणारे पक्षी पांगायचे. आपल्याकडे झाडांच्या बुंध्यांना वर्षभर एलईडीच्या माळा गुंडाळायची जी फॅशन आली आहे, तिच्याकडे या नजरेने एकदा बघायला हवं.

कुरूप, दुर्लक्षित जागा या पक्ष्यांसाठी काय असू शकतात याचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. 1867 मध्ये वर आलेल्या ह्यूम यांनीच हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात एक बोरू वटवट्या मिळवला होता. चोच जरा मोठी. तसा दुसरा पक्षी पुढे जवळजवळ 140 वर्षं कुणालाच सापडला नाही. मार्च 2006 मध्ये तो सापडला थायलंडमध्ये, सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका प्रकल्पाच्या आवारात. त्यानंतर अफगाणिस्तानातल्या वाखान खोऱ्यात त्याची वीण होते हेही कळलं.

मार्चमध्ये काय ऐकायचं

होळीच्या सुमारास एक बदल होतो. सहा महिने ‘चिस्-ली’पलीकडे न गेलेला पक्षी अधूनमधून अर्धवट गाणं म्हणायला लागतो. घाईघाईचं, उंच पट्टीतलं, तुटक. हे गाणं इथल्यासाठी नाही, वर गेल्यावर लागणार आहे. बोरू वटवट्याही झुडपात बसून इतर पक्ष्यांचे आवाज मिसळलेलं लांबलचक गाणं सुरू करतो, तो नकलाकार म्हणून ओळखलाच जातो. गुढीपाडव्यानंतर एकेका झाडावरचा आवाज बंद होत जातो. बोरू वटवट्ये जरा उशिरा, काही जण मेच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतात.

शेवटचा आवाज कधी ऐकला ती तारीख लिहून ठेवा, झाडाच्या नावासकट. पहिला आवाज पुन्हा सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात, बहुतेक वेळा नवरात्राच्या आसपास. तीही तारीख ई-बर्डवर टाका.